एडवर्ड हॉपर आणि जोची वही

खिडकीपाशी (धागाकर्ती)

एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचं नाव ऐकलं नसलं तरी त्याचं 'नाइटहॉक्स' कुठे ना कुठे तुमच्या डोळ्याखालून गेलेलं असणार. रात्रीची वेळ, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं काचेचं उपाहारगृह, काउंटरला टेकलेली तीन गिऱ्हाइकं, पांढऱ्या टोपीतला पोऱ्या आणि बाहेर चिटपाखरू नाही. लॉकडाऊनमध्ये तर हे चित्र फॉरवर्ड करून करून लोकांनी त्याचा चोथा केला.

या चित्राचा विषय निघाला की 'महानगरातला एकाकीपणा' हे दोन शब्द ठरलेले. त्यात खोटं काही नाही. मोठ्या शहराचं एकटेपण आपण नकळत रंगवत असू, असं हॉपर स्वतःच एका मुलाखतीत म्हणाला होता. मग लोकांनी तेच धरून ठेवलं, तेव्हा या एकटेपणाचं जरा जास्तच झालंय, असंही तोच म्हणाला. मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. ही गप्प चित्रं ज्या घरात झाली ते घर अजिबात गप्प नव्हतं. तिथे एक बाई अखंड बोलत होती, भांडत होती आणि सगळं लिहून ठेवत होती.

तिचं नाव जोसेफीन निव्हिसन, घरगुती नाव जो. जन्म 1883, म्हणजे एडवर्डपेक्षा आठेक महिन्यांनी लहान. दोघंही न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेन्री या चित्रकार-शिक्षकाचे विद्यार्थी, पण खरी ओळख झाली ती 1923 च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मच्छीमारांच्या गावी. जोचं आर्थर नावाचं मांजर होतं, त्यावरून बोलणं सुरू झालं म्हणतात. पुढे एकदा त्याने व्हर्लेनची फ्रेंच कविता म्हणायला घेतली आणि मधेच थांबला, तर उरलेली हिने पुरी केली. साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, तोंडातून शब्द न काढणारा चाळिशीतला बुवा आणि जेमतेम पाच फुटांची बडबडी शिक्षिका. 1924 च्या जुलैमध्ये लग्न झालं तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती, तो बेचाळिशीला टेकलेला.

तोवर एडवर्डची अवस्था काय होती? 1913 मध्ये आर्मरी शो या न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या प्रदर्शनात एक तैलचित्र 250 डॉलरला गेलं, त्यानंतर दहा वर्षं एकही नाही. पोट भरायला मासिकांची आणि जाहिरातींची चित्रं काढायची. या कामाचा त्याला इतका वीट होता की संपादकाच्या दारात शिरण्याआधी तो इमारतीला एक-दोन फेऱ्या मारायचा: पैसे हवेत म्हणून काम मिळावं, आणि देवा, मिळू नये. 1923 मध्ये ब्रुकलिन म्युझियमने जलरंगांच्या प्रदर्शनासाठी जोला बोलावलं. तिने सांगितलं, माझ्या शेजारचा हा माणूसही बघा. त्याची सहा जलरंगचित्रं तिच्या चित्रांशेजारी लागली. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, तिच्याबद्दल अक्षर नाही. म्युझियमने त्याचं 'द मॅन्सार्ड रूफ' 100 डॉलरला विकत घेतलं, आणि पुढच्या वर्षी गॅलरीतलं त्याचं प्रदर्शन झाडून विकलं गेलं. दरवाजा उघडला तिने, आत गेला तो. संसारभर हे शल्य तिला टोचत राहिलं, आणि ते तिने कधी गिळून टाकलं नाही.

आता वहीकडे. हॉपरच्या चित्रांच्या हिशेबाच्या मोठ्या चोपड्या आहेत, आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे. चित्र पूर्ण झालं की गॅलरीत जाण्याआधी एडवर्ड त्याचं छोटं रेखाटन पानावर काढायचा आणि शेजारी जो तपशील लिहायची: कॅनव्हास कुठला, रंग कुठले, चित्रात काय आहे, कोणी घेतलं, किती डॉलर, गॅलरीचा वाटा वजा जाता हातात किती. एखाद्या पेढीवरचा मुनीम लिहील तसं. फक्त हा मुनीम स्वतः चित्रकार होता, त्यामुळे नोंद लिहिता लिहिता तिची नजर आणि जीभ दोन्ही मधे येतात.

'नाइटहॉक्स'ची नोंद 1942 च्या जानेवारीतली. त्यात चेरीच्या लाकडाचा काउंटर आहे, मागच्या धातूच्या टाक्यांवरचा उजेड आहे, काचेखालून जाणारा हिरव्या टाइल्सचा पट्टा आहे आणि 'फिलीज' सिगारची पाटी आहे, पाच सेंटवाली. पोऱ्याला तिने फार देखणा म्हटलंय. पाठमोऱ्या माणसाची पाठ तिला काळोखी आणि भीतिदायक वाटते. आणि सिगारेट धरलेल्या त्या नाकाड्या माणसापुढे कंसात लिहिलंय: चोच. त्याचा शर्ट निळा, आणि पुन्हा कंसात: स्वच्छ. शर्ट स्वच्छ आहे हे नोंदवायचं जगात दुसऱ्या कोणाला सुचलं असतं?

ही चोचवाली व्यक्ती म्हणजे एडवर्डच. दोन्ही गिऱ्हाईक पुरुषांसाठी तो आरशात बघून स्वतःच उभा राहिला आणि बाईसाठी जो. नणंदेला लिहिलेल्या पत्रात तिने हे सांगून टाकलंय, चित्राला सुमारे दीड महिना लागला हेही. तो दीड महिना कुठला, तर पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतरचा. न्यूयॉर्कवर बॉम्ब पडणार या धास्तीने जोने पिशवी भरून ठेवलेली. त्यांचा स्टुडिओ सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर काचेचं छत. आणि हा गृहस्थ म्हणे, मला काम करू दे. काही महिन्यांत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते 3,000 डॉलरला घेतलं.

जाणकारांनी भर घालावी. वादही चालेल.

पॅलेटनाइफ

झकास धागा. रंगवणाऱ्या माणसाच्या बाजूने थोडं.

'नाइटहॉक्स'मध्ये सगळे माणसांकडे बघतात, मी उजेडाकडे बघतो. ट्यूबलाइट तेव्हा अमेरिकेत नवीनच बाजारात आलेली. तिचा तो फिका, किंचित हिरवट उजेड छतावरून खाली येतो आणि काचेतून बाहेर फुटपाथवर सांडतो. रस्त्यावर दुसरा दिवा दाखवलेलाच नाही, समोरच्या विटांच्या इमारतीच्या तळमजल्यावर जे काही दिसतं ते याच उजेडात. त्या अंधाऱ्या दुकानाच्या काचेआड एक गल्लापेटी आहे, नीट बघा. अख्ख्या दुकानात बाकी काही नाही.

आणखी एक, उपाहारगृहात रस्त्यावरून शिरायला दारच नाही. आतलं पिवळट दार बहुधा मुदपाकखान्याचं. विसरला असेल म्हणावं तर हा माणूस आधी पानंच्या पानं रेखाटनं करणारा. काचेचा कोपरा असा वळवलाय की नजर आत जाते, पाय जात नाहीत.

त्याने ग्रीनिच अव्हेन्यूवरच्या एका जागेवरून ते सुचल्याचं सांगितलं होतं, पण सोपं करून आणि जागा मोठी करून. लोकांनी ती जागा शोधायला जंग जंग पछाडलं, हाती काही लागलं नाही.

तिरकस

लेख छान, पण मुद्दा पटला नाही. चित्र भिंतीवर आहे ते पाहावं. चित्रकाराने बायकोशी भांडण केलं की मांजर पाळलं, याने चित्रात तसूभर फरक पडतो का? आपल्याकडे पाश्चात्त्य चित्रकारांवर लिहायचं म्हणजे कान कापला, दारू प्यायला, बाया ठेवल्या, की झाला लेख. शैलीबद्दल चार ओळी शेवटी घाईघाईत. हॉपरचं काय ते त्या पॅलेटनाइफसाहेबांनी दहा ओळींत सांगितलं की.

शिकागोवासी

+१ पॅलेटनाइफ यांना. मी इथेच राहते आणि पाहुणे आले की त्यांना हे चित्र दाखवायला नेणं हा आमच्या घरचा कुळाचार झालाय. पोस्टरवरून लोकांना ते भिंतभर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाच फूट रुंद आणि पावणेतीन फूट उंच, बस्स. समोर कायम गर्दी, त्यामुळे एकाकीपणा वगैरे विसरा, सेल्फी काढणाऱ्यांच्या कोपरांतून मान घालून बघायचं. पण काउंटरवरच्या मिठाच्या कुप्या, नॅपकिनचा डबा, जाडजूड पांढरे मग हे जवळून बघण्यासारखं आहे. चार फटकाऱ्यांत मग उभा केलाय.

एक प्रश्न. लाल ब्लाउजमधली बाई हातात काय धरून बसलीये? आमच्या घरात यावरून दोन तट आहेत. नवरा म्हणतो नोट आहे, बिल भागवायला. मी म्हणते काडेपेटी.

खिडकीपाशी

@शिकागोवासी, दोघंही हरलात. जोच्या वहीत स्पष्ट लिहिलंय, ती सँडविच खातेय. आणि ती स्वतःच तिथे उभी राहिली होती, तेव्हा तिला माहीत असणारच. :)

@तिरकस, तुमचा राग समजतो, कान कापण्याचा मलाही कंटाळा आहे. पण इथे चरित्र चित्राच्या बाहेर नाहीये. लग्नानंतर हॉपरच्या चित्रांतली जवळजवळ प्रत्येक बाई जो आहे. खिडकीशी बसलेली, हॉटेलच्या खोलीत गाडीचं वेळापत्रक वाचणारी, थिएटरमध्ये दाराशी उभी, रंगमंचावर कपडे उतरवणारी, सगळ्या. ती दुसऱ्या कोणाला मॉडेल म्हणून येऊच देत नसे. 1952 चं 'मॉर्निंग सन' घ्या. पलंगावर गुलाबी झग्यात पाय जवळ घेऊन बसलेली बाई, समोर उघडी खिडकी, भिंतीवर उन्हाचा चौकोन. त्याचं पूर्वचित्र व्हिटनीकडे आहे. कागदावर जोचं शरीर आणि त्यावर सगळीकडे बाण आणि बारीक अक्षरं: इथे सावली उबदार, इथे चादरीवरून आलेला थंड परावर्तित उजेड. दंडावर, मांडीवर, पोटरीवर सूचनाच सूचना. तेव्हा ती 69 वर्षांची होती. चित्रातली बाई तुम्हाला 69 ची वाटते का? मग तो कोणाला बघत होता? मला हा शैलीचाच प्रश्न वाटतो.

आजोबा_डोंबिवलीकर

वाचतोय. आम्ही बँकेत तीस वर्षं लेजर लिहिली, पण शर्ट स्वच्छ आहे की नाही हे लिहायची कोणी मुभा दिली नाही.

ते भांडणांचं जरा विस्ताराने येऊ द्या की.

निळीशाई

आजोबांच्या मागणीवरून. हॉपरांच्या घरातला सनातन विषय म्हणजे गाडी. 1927 मध्ये त्यांनी जुनी डॉज घेतली आणि अमेरिकाभर भटकले. गाडीतच मागच्या सीटवर बसून तो चित्रं काढायचा. जोला गाडी चालवायची होती आणि तो तिला चालवू देत नव्हता. त्यावरून झोंबाझोंबी व्हायची, शब्दशः. एका भांडणात ती त्याच्या हाताला कडकडून चावली, हे तिच्याच डायरीत आहे. मार त्यानेही दिलाय, तेही तिथेच आहे, त्यामुळे फार हसू नका.

स्वयंपाकाची तिला नावड. डबे फोडून जेवण. त्यावर तो बोलायचा नाही, व्यंगचित्र काढून घरात ठेवून द्यायचा. भुकेने हाडं निघालेला एडवर्ड, वर ढगात रमलेली जो, असलं काहीतरी. तिचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: एडीशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकण्यासारखं, फरक इतकाच की तळाला लागल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

आणि राहणी म्हणाल तर पैसा आल्यावरही तशीच. वॉशिंग्टन स्क्वेअर नॉर्थ, घर नंबर 3. तो 1913 मध्ये तिथे राहायला आला आणि 1967 मध्ये तिथेच गेला. शेगडीसाठी कोळसा 74 पायऱ्या वर वाहून न्यायचा, संडास खोलीबाहेर. 2018 मध्ये त्याचं 'चॉप सुई' न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास 92 दशलक्ष डॉलरला गेलं. त्यातल्या दोन बायकांपैकी आपल्याकडे तोंड करून बसलेली आणि पाठमोरी, दोघींसाठी कोण बसलं होतं ते सांगायला नको.

मोगरा_फुलला

मी इथे दुसऱ्याच जोचं नाव निघेल म्हणून थांबले होते. कोणी काढलं नाही, मग मीच काढते.

योहाना बोंगर, तीही जो. व्हॅन गॉगची भावजय. तिचं आणि व्हॅन गॉगचा भाऊ थिओ याचं लग्न 1889 च्या एप्रिलमध्ये, मुलगा झाला 31 जानेवारी 1890 ला. काकाचंच नाव ठेवलं, व्हिन्सेंट. त्या बाळासाठी काकाने निळ्या आभाळावर फुललेली बदामाची फांदी रंगवून पाठवली. जुलैमध्ये व्हिन्सेंट गेला आणि सहा महिन्यांत, जानेवारी 1891 मध्ये, थिओ. अठ्ठाविसाव्या वर्षी पदरात वर्षाचं मूल, पॅरिसचा फ्लॅट आणि भिंतींवर, पलंगाखाली, कपाटांत कोंबलेले शेकडो कॅनव्हास, ज्यांना बाजारात काडीची किंमत नव्हती. व्हिन्सेंट जिवंत असताना त्याचं एक चित्र 400 फ्रँकला विकलं गेल्याची पक्की नोंद आहे, 'द रेड व्हिनयार्ड'. बाकी शुकशुकाट.

ही बाई चित्रकार नव्हती. इंग्रजीची शिक्षिका. ती सगळी चित्रं घेऊन हॉलंडमध्ये बुसम नावाच्या गावी गेली आणि तिथे खाणावळीसकट राहण्याचं घर चालवायला लागली. पाहुणे जेवायचे त्या खोलीत डोक्यावर 'द पोटॅटो ईटर्स'. रात्री मूल झोपलं की दोघा भावांची पत्रं वाचायची आणि तारखा लावायची, कारण व्हिन्सेंटला पत्रावर तारीख घालायचा आळस.

आणि गंमत बघा, वही हिचीही आहे. थिओने सुरू केलेली घरखर्चाची वही तिने पुढे चालवली. त्यात किराणा-भाडं यांच्या जोडीला विकलेल्या चित्रांची नोंद, कोणाला आणि कितीला. विकण्याची तिची पद्धत एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याची. प्रदर्शनात विकाऊ चित्रांबरोबर उत्तम उत्तम चित्रं 'विक्रीस नाही' म्हणून लावायची, म्हणजे बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटून तो उरलेल्यांकडे वळणार. 1905 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमची दालनं स्वतः भाड्याने घेऊन 480 च्या वर कलाकृतींचं प्रदर्शन केलं. सुरुवातीला तिला लोक हसले. रोलँड होल्स्ट नावाच्या चित्रकाराने लिहिलं होतं की बाई गोड आहे, पण ज्यातलं काही कळत नाही त्याबद्दल भक्तिभावाने बोलते ते डोक्यात जातं. त्याच माणसाने पुढे 1892 च्या प्रदर्शनाचं मुखपृष्ठ काढलं, त्यावर मान टाकलेलं सूर्यफूल. म्हणजे त्याला पटवलंच हिने.

1914 मध्ये पत्रं तीन खंडांत छापली आणि त्याच वर्षी थिओचे अवशेष युट्रेख्टहून ऑव्हेरला हलवून भावाशेजारी पुरले. 1924 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने 'सनफ्लॉवर्स' मागितलं. आधी नाही म्हणाली, तीसहून जास्त वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं चित्र देववत नव्हतं. मग दिलं, व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी केलेला त्याग म्हणून. पुढच्या वर्षी ती गेली, तोवर पत्रांचं इंग्रजी भाषांतर चालूच होतं.

तिरकस

ही माहिती नवीन होती, मोगरा. आता मान्य करतो की व्हॅन गॉगच्या बाबतीत वही नसती तर चित्रंही नसती, निदान आपल्यापर्यंत आली नसती. हॉपरच्या बाबतीत मात्र अजून तसं वाटत नाही. तो तसाही झालाच असता.

पॅलेटनाइफ

कशावरून? चाळिशीपर्यंत तर नव्हता झाला.

आणि जो नसती तर काय झालं असतं हे सोडा, ती असल्याने हातात काय झालं ते दिसतं. लग्नाआधी तो बरीच वर्षं एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेले छाप) होता, काळं-पांढरं. ग्लॉस्टरच्या त्या उन्हाळ्यात जो जलरंग घेऊन बाहेर बसायची, तोही बसायला लागला आणि त्याच्या चित्रांत ऊन आलं. पुढचं सगळं तिथून सुरू होतं. 1925 चं 'हाउस बाय द रेलरोड' बघा: रुळांच्या काठावरचं मॅन्सार्ड छपराचं जुनं घर, अर्ध्या अंगावर ऊन आणि अर्धं निळसर सावलीत. मोमाच्या (न्यूयॉर्कचं आधुनिक कलेचं म्युझियम) कायम संग्रहात दाखल झालेलं पहिलं तैलचित्र ते. घराच्या भिंतीवर पडलेलं ऊन रंगवायचं एवढंच मला हवं होतं, असं तो म्हणायचा.

अवांतर: 'अर्ली संडे मॉर्निंग'मध्ये वरच्या मजल्याच्या खिडकीत त्याने आधी एक माणूस काढला होता, मग वरून रंग फासून मिटवला. बरं केलं.

बोरकूट

रच्याकने, चित्रकार आणि मध्यस्थ बाई यावरून मेरी कसाट राहिली. पेनसिल्व्हेनियात जन्मलेली, पॅरिसात मुरलेली. 1877 मध्ये एदगार दगा या फ्रेंच चित्रकाराने तिला इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या गटात ओढलं. 'निळ्या खुर्चीतली मुलगी'ची पार्श्वभूमी त्याने हाताने दुरुस्त केली. तिने मैत्रीण लुइझीन हॅवमायरला दगा, माने, कुर्बे यांची चित्रं विकत घ्यायला लावली, आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये दगाची एवढी चित्रं दिसतात त्याचं मोठं श्रेय या दोघींचं. दगाची पत्रं मात्र तिने जाळली. म्हणजे वहीवाल्यांच्या बरोबर उलट. यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे कोंबू नका. :)

शिकागोवासी

सँडविच हे घरी सांगितलं. नवरा म्हणाला, वहीत काहीही लिहिलं असेल, चित्रात सँडविच दिसत नाही. त्याचंही बरोबर आहे, दिसत नाही.

पण जोची स्वतःची चित्रं कुठे आहेत? एवढी भांडून तिने रंगवणं सोडलं होतं की काय?

खिडकीपाशी

सोडलं नव्हतं, शेवटपर्यंत रंगवत होती. तोच खरा घोळ आहे. एडवर्ड 15 मे 1967 ला स्टुडिओतच गेला. त्याच्या शेवटच्या चित्रात, 'टू कॉमेडियन्स'मध्ये, पांढऱ्या वेशातले दोन विदूषक, एक उंच आणि एक बुटकी, रंगमंचाच्या टोकाशी येऊन वाकून नमस्कार करतात. ती जोडी म्हणजे आपण दोघं, हे जोने सांगून ठेवलंय. मागून दहा महिन्यांत तीही गेली. जाताना सगळं व्हिटनीच्या नावे करून गेली: त्याचं सगळं आणि स्वतःचंही. त्याचा संग्रह, तीन हजारांच्या घरातल्या कलाकृती, म्युझियमला घबाडासारखा मिळाला. तिच्या चित्रांतली बरीच इस्पितळांना वगैरे वाटली गेली, काही टाकून दिली गेली, अनेकांचा ठावठिकाणा नाही. व्हॅन गॉगच्या जोने जे दिराच्या चित्रांसाठी केलं ते हॉपरच्या जोच्या चित्रांसाठी करायला कोणी नव्हतं. एडवर्ड तिच्या कामाबद्दल घरातसुद्धा कुत्सितपणे बोलायचा.

पुढे 2000 च्या सुमारास व्हिटनीच्याच कोठारातून तिची काही चित्रं अभ्यासकांनी शोधून काढली, आणि नंतर मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, केप कॉडवरच्या प्रॉव्हिन्सटाउनच्या कलासंस्थेकडे तिची रेखाटनं, जलरंगचित्रं आणि डायऱ्या देणगी म्हणून आल्या. केप कॉडवर, साउथ ट्रुरोला, त्यांचं उन्हाळी घर होतं, 1934 मध्ये बांधलेलं. मी पाहिलेली तिची मोजकी चित्रं ही छायाचित्रांतूनच. रंग त्याच्यापेक्षा भडक आणि मोकळा, ब्रश घाईचा, घरातल्या वस्तूंचा पसारा भरपूर. त्याच्या चित्रांत टेबल रिकामं असतं, तिच्या चित्रांत नसतं. थोर म्हणावीत अशी मला वाटली नाहीत, पण टाकून द्यावीत अशीही नव्हती.

तिरकस

टेबलाचा मुद्दा आवडला. हे शैलीबद्दलचं वाक्य पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

आजोबा_डोंबिवलीकर

बोरकूट, कसाटचा धागा तुम्हीच काढा. आणि तिने पत्रं का जाळली तेवढं पहिल्या पोस्टमध्येच लिहा, नाहीतर हे तिरकसराव तिथेही येतील.